डॉ. थॉमस हॉजकिन आणि मोरोक्कोची वाट



हॉजकिन हे नाव आपल्यातल्या पुष्कळांनी कुपत खोलीमच्या कागदावर वाचलेलं असतं, आणि ते वाचून कुणाला बरं वाटलेलं नसतं. मानेत नाहीतर काखेत गाठ येते. दुखत नाही म्हणून माणूस तिकडे बघत नाही. मग बारीक ताप येतो, वजन उतरतं, रात्री घामाने उशी भिजते, आणि शेवटी तपासणीचा कागद हातात पडतो. मी नर्स म्हणून जी नोकरी केली त्यातली बरीच वर्षं याच आजाराच्या पेशंटमध्ये गेली. आता औषधं चांगली आहेत, या कॅन्सरमधून पुष्कळ लोक पूर्ण बरे होतात, हे आधी सांगून टाकते, नाहीतर कुणी वाचक इथेच धसका घेऊन थांबेल.

पण आज आजाराबद्दल लिहायचं नाही, माणसाबद्दल लिहायचं आहे. निवृत्त झाल्यावर मी डॉ. हॉजकिनबद्दल वाचायला घेतलं. तेव्हा कळलं की हे गृहस्थ इंग्लंडात नाही, आपल्या याफोला पुरलेले आहेत, आणि त्यांच्या कबरीवर दगड उभा केला तो सर मोशे मोंटेफिओरे यांनी. यहुदी माणसाने एका ख्रिस्ती डॉक्टराच्या कबरीवर दगड का उभा करावा? त्याचं उत्तर शोधताना मी मोरोक्कोला जाऊन पोचले. आमच्या अश्दोदच्या इमारतीत निम्मी घरं मोरोक्कोवाल्यांची आहेत, त्यामुळे मला हा विषय परका वाटला नाही.

थॉमस हॉजकिन यांचा जन्म १७ ऑगस्ट १७९८ चा, लंडनच्या पेंटनविल भागातला. घराणं क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक लहान पंथ. त्यांच्यात पाद्री नाही, प्रार्थनेच्या घरात सजावट नाही, सगळे गप्प बसून प्रार्थना करतात. शपथ घ्यायची नाही, लढाईत जायचं नाही, मोठ्या माणसासमोर टोपी काढायची नाही, आणि कपडे अगदी साधे. हॉजकिननी हा साधा पोशाख जन्मभर सोडला नाही. त्या काळी इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पदवी फक्त सरकारी चर्च मानणाऱ्यांना मिळायची. यहुद्यांना दार बंद, तसं क्वेकरांनाही बंद. म्हणून हॉजकिन स्कॉटलंडात एडिंबरोला गेले आणि १८२३ साली डॉक्टर झाले. दार बंद असलेल्या माणसाचं दुःख त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

शिकत असतानाच ते पॅरिसला जाऊन राहिले होते. तिथे डॉ. लेनेक यांनी नुकताच स्टेथोस्कोप काढला होता. तेव्हा तो म्हणजे एक लाकडाची नळी होती, आजच्यासारखा रबरी नव्हता. हॉजकिन त्यांच्या हाताखाली ती नळी वापरायला शिकले आणि लंडनला गाइज हॉस्पिटलात ती घेऊन आले. जुन्या डॉक्टरांनी आधी तिची थट्टाच केली.

पदवीनंतर त्यांना जी नोकरी मिळाली तिथून आपल्या गोष्टीचा धागा सुरू होतो. मोशे मोंटेफिओरे यांचे धाकटे भाऊ अब्राहम यांना क्षय झाला होता. हवापालटासाठी ते युरोपात फिरत, आणि सोबत खाजगी डॉक्टर म्हणून हॉजकिनना घेतलं. ही नोकरी फार दिवस टिकली नाही, अब्राहमही १८२४ साली वारले. पण त्या घरात मोशेंशी जी ओळख झाली ती चाळीस वर्षांहून जास्त टिकली. एक क्वेकर, एक यहुदी. एक पैशाच्या बाबतीत कायम ओढगस्तीत, दुसरा रॉथशिल्डांचा साडू आणि लंडनच्या बाजारातला बडा माणूस. पण दोघांचं जमलं.

गाइज हॉस्पिटलात हॉजकिननी जे काम पत्करलं ते कुणाला नको असतं. मेलेल्या पेशंटांचं शवविच्छेदन करायचं, आणि बिघडलेले अवयव बरण्यांत घालून संग्रहालय लावायचं. बारा वर्षं त्यांनी हे केलं. त्या काळी दवाखान्यात डॉक्टर पेशंटला वरून तपासायचे आणि अंदाज बांधायचे. आत खरं काय झालं होतं हे बघून वरच्या लक्षणाशी जुळवणारे थोडे, त्यातले हे एक. जोसेफ जॅक्सन लिस्टर नावाचे क्वेकर मित्र चांगल्या भिंगांचा सूक्ष्मदर्शक बनवत. त्यांच्याबरोबर बसून १८२७ साली हॉजकिननी दाखवलं की रक्तातली लाल पेशी गोळीसारखी गोल नसून दोन्ही बाजूंनी खोलगट असते. हृदयाची झडप नीट मिटत नाही तेव्हा काय होतं, हेही त्यांनी लवकर लिहून ठेवलं होतं.

मग १८३२ चा जानेवारी. गाठी आणि प्लीहा वाढून मेलेल्या सात पेशंटांची हकीकत त्यांनी लिहिली. लंडनच्या वैद्यकीय मंडळात ती वाचून दाखवली गेली, पण वाचली मंडळाच्या सेक्रेटरीने, कारण हॉजकिन त्या मंडळाचे सभासदच नव्हते. कुणी फार लक्ष दिलं नाही. तेहतीस वर्षांनी, १८६५ साली, त्याच गाइजमधल्या डॉ. सॅम्युएल विल्क्स यांनी पुन्हा तोच आजार अभ्यासला, जुना लेख सापडला, आणि मोठ्या मनाने रोगाला हॉजकिनचं नाव दिलं. पुढे १९२६ मध्ये बरण्यांत जपलेले ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा दोन पेशंटांना खरोखर तोच आजार होता हे दिसलं. नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं बिचाऱ्याने! विभागात काम केलेल्या बाईला याचं मोल कळतं.

आता १८३७ साल. गाइजमध्ये असिस्टंट फिजिशियनची जागा रिकामी झाली. कामाच्या हिशोबाने ती हॉजकिनना मिळायला हवी होती, पण मिळाली नाही. कारण वैद्यकीत नव्हतं. हॉस्पिटलचे खजिनदार बेंजामिन हॅरिसन तिथले सर्वेसर्वा होते, आणि तेच कॅनडात केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या कारभारी मंडळातही होते. कंपनीच्या व्यापारात तिथल्या मूळ लोकांना दारू पाजली जाते, लुबाडलं जातं, ते रोगांनी मरताहेत, अशा तक्रारी हॉजकिन करत असत, आणि त्या त्यांनी थेट हॅरिसनपुढेच मांडल्या होत्या. ज्याच्या हातात आपली नोकरी त्यालाच जाऊन त्याच्या कंपनीची पापं सांगायची, हा व्यवहार शहाण्या माणसाचा नाही. जागा दुसऱ्याला गेली, हॉजकिननी राजीनामा दिला. एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचं शास्त्रातलं मोठं काम जवळजवळ संपलं. त्याच वर्षी त्यांनी मूळ रहिवाशांच्या संरक्षणाची संस्था काढायला पुढाकार घेतला आणि मरेपर्यंत चालवली. सगळी माणसं एका रक्ताची आहेत, हे त्या संस्थेचं बोधवाक्य होतं. लाल पेशीचा आकार शोधणाऱ्या माणसाला ते शोभलं.

सगळंच त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मुक्त झालेल्या काळ्या लोकांना आफ्रिकेत लायबेरियाला नेऊन बसवायचं, या योजनेला त्यांनी पाठिंबा दिला, आणि गुलामगिरीविरुद्ध लढणारे त्यांचेच मित्र त्यावरून चिडले. मला मित्रांचं म्हणणं जास्त पटतं. हट्टी होते, एकदा बसलं की बसलं.

घरचंही असंच. तरुणपणी आपल्या चुलतमामे नात्यातल्या सारा गॉडलीवर त्यांचं मन होतं. पण क्वेकर पंथात सख्ख्या भावंडांच्या मुलांची लग्नं मान्य नव्हती. त्यांनी पंथाकडे परवानगी मागितली, मिळाली नाही. पंथ सोडला असता तर लग्न झालं असतं. सोडला नाही. शेवटी १८५० साली, एक्कावन्नाव्या वर्षी, एका विधवा बाईंशी लग्न केलं. फी मागायची त्यांना लाज वाटायची, गरीब पेशंटकडून तर घेतच नसत, तेव्हा संसार कसा चालला असेल तो असो.

मोंटेफिओरे मात्र त्यांना विसरले नाहीत. मोशे आणि लेडी ज्यूडिथ लांबच्या प्रवासाला निघाले की डॉक्टर म्हणून हॉजकिनना सोबत घ्यायचे. इटलीत मोर्तारा नावाच्या यहुदी मुलाला पोपच्या शिपायांनी आईबापांकडून उचलून नेलं होतं. त्या प्रकरणात १८५९ साली मोंटेफिओरे रोमला गेले, तेव्हाही हॉजकिन बरोबर होते. तिथे काही हाती लागलं नाही.

आणि मग साफीचं प्रकरण आलं.

साफी हे मोरोक्कोच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. १८५९-६० मध्ये स्पेनने मोरोक्कोशी लढाई जिंकली आणि मोठी खंडणी लादली. ती वसूल करायला मोरोक्कोच्या बंदरांवर जकातीच्या नाक्यात स्पॅनिश कारकून बसवले गेले. १८६३ साली साफीतला असा एक स्पॅनिश अंमलदार अचानक मेला. त्याच्या घरी कामाला एक यहुदी पोरगा होता, चौदा-पंधरा वर्षांचा. पोराने विष घातलं असा संशय धरला. मारझोड करून त्याच्याकडून कबुली काढली आणि त्याच मारात आणखी यहुद्यांची नावं वदवून घेतली. पोराला ठार केलं. दुसऱ्या एकाला टँजिअरला नेऊन स्पेनच्या आग्रहाने ठार केलं. आणखी दोघे तुरुंगात मरणाची वाट बघत होते. सुलतानाची माणसं स्पेनला घाबरून होती, आणि स्पेनचा वकील ऐकत नव्हता. टँजिअर आणि जिब्राल्टरच्या यहुद्यांनी लंडनला धावा केला.

लंडनच्या यहुदी मंडळाचे अध्यक्ष मोंटेफिओरेच. वय एकोणऐंशी. लेडी ज्यूडिथ वारल्याला वर्ष-सव्वा वर्ष झालेलं, जन्माची जोडीदारीण गेलेली. मुलंबाळं नव्हती. घरी बसले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. नोव्हेंबर १८६३ मध्ये ते निघाले. बरोबर मंडळाचे सेक्रेटरी सॅम्पसन सॅम्युएल, नात्यातले हाइम ग्वेडाला, आणि पासष्ट वर्षांचे डॉ. हॉजकिन.

या प्रवासाचं वर्णन हॉजकिननी लिहून ठेवलं आहे, त्यांचं ते मोरोक्कोवरचं पुस्तक. त्यात भूगर्भाच्या टिपा एवढ्या आहेत की पुस्तकाच्या नावाच्या पानावरच त्यांचा उल्लेख केला आहे. एकीकडे माणसांच्या जिवाचा प्रश्न, आणि हे गृहस्थ वाटेतल्या खडकाचा थर कुठल्या काळातला ते बघताहेत. पण मला त्यात विक्षिप्तपणा वाटत नाही. ज्याने बारा वर्षं मेलेल्या शरीरात डोळे घालून बघितलं, तो डोंगराकडेही तसाच बघणार.

फ्रान्स, मग हिवाळ्यातला स्पेन. माद्रिदला थांबून दरबारात शब्द टाकला. डिसेंबरात टँजिअर. टँजिअरला तेव्हा धक्का नव्हता. बोट लांब उभी राहायची आणि उतारूंना हमालांच्या खांद्यावरून पाण्यातून किनाऱ्यावर आणायचे. मोंटेफिओरेंनाही खुर्चीत बसवून असंच पाण्यातून आणलं. किनाऱ्यावर यहुद्यांची गर्दी. इंग्लंडचा वकील जॉन ड्रमंड हे याच्या मदतीने आणि स्पेनशी बोलणी करून ते दोघे तुरुंगातून सुटले. काम झालं, आता परत फिरायचं, असं कुणालाही वाटलं असतं.

इथेच एक गोष्ट झाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. डोंगरातल्या एका टोळीचे मुसलमान लोक मोंटेफिओरेंना भेटायला आले. त्यांचा माणूस यहुद्यांच्या खुनाच्या संशयावरून अडीच वर्षं तुरुंगात होता, आणि खटलाच चालला नव्हता. त्याच्यासाठी शब्द टाका, अशी त्यांची विनंती. मोंटेफिओरेंनी शब्द टाकला, तोही माणूस सुटला. खटला न चालवता कुणालाच कोंडू नये, यहुद्याला नाही आणि मुसलमानालाही नाही. हॉजकिनसारख्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते मी सांगायला नको.

पण मोंटेफिओरेंना दोघांची सुटका पुरेशी वाटेना. आज हे दोघे सुटले, उद्या दुसऱ्या गावात दुसरे दोघे सापडतील. म्हणून थेट सुलतानाकडे, माराकेशला जायचं ठरलं. इंग्लंडच्या आरमाराची मॅजिसिएन नावाची बोट त्यांना मोगादोरला घेऊन गेली.

मोगादोर, आताचं एसाउइरा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तिथल्याच. त्या सांगतात की त्यांच्या आजीच्या तोंडी मोंटेफिओरेंचं नाव असायचं. हे शहर सुलतानाने अठराव्या शतकात परदेशी व्यापारासाठी मुद्दाम वसवलं आणि यहुदी व्यापाऱ्यांना तिथे आणून बसवलं. इंग्लंडचं कापड आणि चहा यायचा, बदाम, डिंक, शहामृगाची पिसं जायची. थोडे श्रीमंत यहुदी कसब्यात मोठ्या घरांत राहायचे. बाकीचे सगळे मेल्लाहमध्ये. मेल्लाह म्हणजे यहुद्यांची तटबंद वस्ती. शब्दाचा मूळ अर्थ मिठाशी जोडलेला आहे, कारण फेज शहरातली पहिली अशी वस्ती खारट जमिनीच्या जागी होती. मोगादोरच्या मेल्लाहात एका खोलीत कुटुंबंच्या कुटुंबं दाटीने राहत, रोगराई पाचवीला पुजलेली. हॉजकिननी तरुणपणी लंडनच्या स्पिटलफिल्ड्स भागातल्या कामगारांसाठी हवा, पाणी, स्वच्छता यावर व्याख्यानं दिली होती. अशा वस्तीत काय बघायचं हे त्यांना ठाऊक होतं.

मोगादोर ते माराकेश हे अंतर सुमारे १८० किलोमीटर. आज मोटारीने तीन तास लागतात. जानेवारी १८६४ मध्ये त्यांना आठेक दिवस लागले. सुलतानाने पाठवलेले घोडेस्वार, उंट, खेचरं, तंबू, बोटीवरचे काही इंग्रज अधिकारी, असा लवाजमा. मोंटेफिओरेंना घोडा झेपण्यासारखा नव्हता. त्यांच्यासाठी खुर्चीची डोली केली होती, ती माणसं उचलून नेत. आपल्याकडे घाटात म्हाताऱ्या माणसांना डोलीतून नेतात तसंच म्हणा. आधी अरगानची झाडं लागतात, काटेरी, वेडीवाकडी, ज्यांवर शेळ्या चढतात. मग झाडं विरळ होतात आणि दगडगोट्यांचं कोरडं पठार सुरू होतं. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी. पुढे उजव्या हाताला ॲटलासचे बर्फाळ डोंगर दिसू लागतात, आणि शेवटी खजुरांच्या रानामागे कुतुबियाचा मनोरा.

वाटेत शब्बाथ आला. मोंटेफिओरे शब्बाथला प्रवास करत नसत, मग वाट वाळवंटाची असो की सुलतान वाट बघत असो. आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांचा घाणा शनिवारी बंद म्हणजे बंद, तसंच हे. सगळा तळ थांबला. सोबतच्या एकट्या क्वेकरालाही थांबावं लागलं, पण गप्प बसून प्रार्थना करणाऱ्या माणसाला एक जास्तीचा शांत दिवस जड गेला नसावा.

डॉक्टर म्हणून त्यांचं खरं काम कोणतं होतं, तर एका ऐंशीला टेकलेल्या माणसाला माराकेशला न्यायचं आणि जिवंत परत आणायचं. वाटेत दुसरा डॉक्टर नाही, औषधाचं दुकान नाही. मी पेशंटला ॲम्ब्युलन्सने एका गावातून दुसऱ्या गावात नेताना सुद्धा जीव मुठीत धरून बसलेली आहे. आठ दिवस डोलीतल्या म्हाताऱ्याची नाडी बघत चालायचं म्हणजे काय, हे नर्सला समजावून सांगावं लागत नाही. आणि डॉक्टर स्वतःच पासष्ट वर्षांचे!

माराकेशला सुलतानाने त्यांना बागेतल्या एका वाड्यात उतरवलं. माराकेशचा मेल्लाह सोळाव्या शतकातला. त्याच्या वेशीबाहेर पडताना यहुद्याने पायातले जोडे काढून अनवाणी चालायचं, असा रिवाज होता. म्हातारा असो, गर्भार बाई असो, दगड तापलेले असोत. आणि त्याच शहरात १ फेब्रुवारी १८६४ ला एक यहुदी सुलतानाच्या वाड्यात मानाने गेला. दोन्ही बाजूंना सैन्याच्या रांगा होत्या. सुलतान सिदी मोहम्मद पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर आले. पाहुण्यापुढे सुलतान कुठल्या रंगाच्या घोड्यावर येतात त्यावरून मान कळायचा, आणि पांढरा म्हणजे सगळ्यात मोठा मान. मोंटेफिओरेंनी अर्ज दिला. यहुदी आणि ख्रिस्ती, दोघांच्याही रक्षणाची मागणी त्यात होती. मंडळी होती यहुद्यांची, पण मागणी दोघांसाठी.

चार दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, सुलतानाचा हुकूम हातात आला. त्याला तिथे दाहिर म्हणतात. यहुद्यांना न्यायाच्या तराजूत दुसऱ्या प्रजेच्या बरोबरीने तोलावं, त्यांच्यावर जुलूम करू नये, कारागिरांना जबरदस्तीने कामाला लावू नये, काम करून घेतलं तर पुरती मजुरी द्यावी, आणि कुणी अंमलदार त्रास देईल त्याला शिक्षा व्हावी, असा त्याचा मतलब. नकला गावोगाव गेल्या. मेल्लाहांत सण झाला.

मग पुढे काय झालं? तेही सांगायला हवं. गावोगावच्या अंमलदारांना हा हुकूम रुचला नाही. मोरोक्कोचे इतिहासकार अल-नासिरी यांनी लिहिलं आहे की यहुदी हा कागद घेऊन फिरू लागले आणि वरचढ झाले, म्हणून सुलतानाला दुसरं पत्र काढून पहिल्याचा अर्थ आखडता घ्यावा लागला. ते त्यांच्या बाजूने लिहितात, पण दुसरं पत्र निघालं हे खरं. लांबच्या गावांत जुलूम चालू राहिला, अनवाणी चालणंही एकदम थांबलं नाही. कागदावरचा न्याय आणि दारातला न्याय यात किती अंतर असतं ते आपल्या बेने इस्राएल लोकांना नव्याने सांगायला नको. १९६४ साली क्नेसेटला आपल्याबद्दल बोलावं लागलं त्या दिवसांतली माणसं अजून आपल्यात आहेत. तरीपण कागद होता, आणि पुढे कुणावर अन्याय झाला की परदेशी वकिलांना त्या कागदावर बोट ठेवता येत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या आजीने नाव लक्षात ठेवलं ते उगाच नाही.

परतीला ते माझागान बंदरावरून बोटीत बसले, आणि १८६४ च्या वसंतात लंडनला पोचले. मोंटेफिओरेंचा ठिकठिकाणी सत्कार झाला. हॉजकिन आपल्या बेडफर्ड स्क्वेअरच्या घरी जाऊन पुस्तक लिहायला बसले. पुढच्याच वर्षी विल्क्स यांनी रोगाला त्यांचं नाव दिलं. त्याने त्यांना फार फरक पडल्याचं दिसत नाही. त्यांचा वेळ मूळ रहिवाशांच्या अर्जांत आणि मोरोक्कोच्या टिपणांत जात होता.

१८६५ साली इथे, आपल्या इस्राएलात, टोळधाड आली आणि पटकीची साथ पसरली. मोंटेफिओरे एक्क्याऐंशी वर्षांचे. ते निघाले, आणि हॉजकिन पुन्हा निघाले. या वेळी मात्र आजारी पडले ते डॉक्टर. वाटेत त्यांना जुलाबाचा आजार झाला, आणि याफोला उतरले तेव्हा पुढे जायची ताकद उरली नव्हती. मोंटेफिओरे त्यांना सोडून जायला तयार नव्हते. यरुशलेमला लोक वाट बघताहेत, तुम्ही पुढे व्हा, असा आग्रह हॉजकिननीच धरला. मोंटेफिओरे पुढे गेले. पेसाहच्या दिवसांत, ४ एप्रिल १८६६ ला, हॉजकिन याफोला वारले. बायको इंग्लंडात, भाऊ इंग्लंडात. मोरोक्कोचं पुस्तक त्याच वर्षी छापून आलं, ते त्यांनी बघितलं नाही. मोंटेफिओरे त्यानंतर एकोणीस वर्षं जगले, १८८५ साली शंभर पुरे करून गेले.

याफोच्या येफेत रस्त्यावर तबीथा नावाची जुनी स्कॉटिश शाळा आहे. तिला लागून प्रोटेस्टंट लोकांची छोटी दफनभूमी आहे. हॉजकिनांची कबर तिथे. वर ग्रॅनाइटचा उभा दगड आहे, इंग्लंडहून आणवलेला. त्यावर मोंटेफिओरेंच्या वतीने कोरलं आहे की ही खूण चाळीस वर्षांहून जास्त काळच्या मैत्रीची, आणि युरोप, आशिया, आफ्रिका या तीन खंडांत मिळून केलेल्या अनेक प्रवासांची. मोरोक्कोचं नाव दगडावर नाही, ते आफ्रिका या शब्दात आलं. रोगाचंही नाव नाही. जायचं असेल तर शाळा चालू असते हे लक्षात ठेवून, आधी ऑफिसात विचारून जावं.